गोळ्यांचा रंग बदलताना : लॉन बोल्स नव्याने खेळणाऱ्यांसाठी

लॉन बोल्स म्हणजे गवतावरून जड गोळे घरंगळत नेऊन जॅक नावाच्या लहान लक्ष्याजवळ पोचवायचा खेळ. त्यातला माझा पहिला चार गोळ्यांचा सेट गडद मरून रंगाचा होता. जुना घेतलेला, पण हातात नेमका बसणारा, आणि उन्हात इतका देखणा दिसायचा की क्लबातल्या दोघीतिघींनी कुठून घेतला म्हणून विचारलं होतं. अडचण यायची ती संध्याकाळी. ग्रीनच्या, म्हणजे खेळायच्या हिरवळीच्या, पश्चिमेला निलगिरीची झाडं आहेत. त्यांची सावली रिंकवर (हिरवळीच्या ज्या पट्ट्यावर सामना चालतो त्यावर) आडवी पसरली की माझे गोळे गवतात दिसेनासे व्हायचे. पलीकडच्या टोकाला उभी असलेली आमची स्किप, म्हणजे टीमची कप्तान, ओरडून विचारायची, "तो मागचा कुणाचा?" आणि जिथून गोळा टाकतात त्या मॅटवरून मलाही सांगता यायचं नाही. एका सामन्यात समोरच्यांचा समजून मी जोरात गोळा टाकला आणि जॅकला टेकून बसलेला आमच्याच लीडचा (टीममध्ये सर्वांत आधी खेळणारीचा) गोळा उडवला. त्या दिवसापासून रंग हा हौसेचा विषय न राहता खेळाचा भाग आहे हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

मी मेलबर्नला राहते आणि हंगामात दर शनिवारी पेनंटच्या, म्हणजे क्लबाक्लबांमधल्या, सामन्यांत खेळते. आपल्याकडे या खेळाचं नाव बऱ्याच घरांत पहिल्यांदा पोचलं ते २ ऑगस्ट २०२२ ला. बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत, लेमिंग्टन स्पाच्या व्हिक्टोरिया पार्कमधल्या ग्रीनवर, लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की यांनी दक्षिण आफ्रिकेला १७-१० असं हरवून सुवर्णपदक मिळवलं. त्यानंतर इथल्या ओळखीतल्या मराठी मंडळींपैकी बरेच जण क्लबात डोकावून गेले, काही टिकलेही. टिकलेल्यांचा पहिला प्रश्न जवळपास ठरलेला असतो : "गोळे कुठल्या रंगाचे घेऊ?" आणि दुसरा, वर्षभराने : "रंग बदलायचा झाला तर काय करू?" हा लेख दोन्हींसाठी आहे, पण जास्त दुसऱ्यासाठी.

शब्दांचं आधी सांगते. क्लबात सगळे 'बोल' म्हणतात. मराठीत 'बोल टाकला' म्हटलं की वेगळाच अर्थ होतो, म्हणून मी इथे गोळाच म्हणणार आहे. जॅक म्हणजे ज्याच्या जवळ गोळे न्यायचे ते लहान चेंडूएवढं लक्ष्य, पांढरं किंवा पिवळं. शॉट म्हणजे जॅकच्या सर्वांत जवळचा गोळा.

काळा रंग कुठून आला

हे माहीत असलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. पूर्वी गोळे लिग्नम व्हिटे या लाकडाचे असायचे. हे लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं, आणि रंगाने गडद. मग कडक रबराचे आले, तेही काळेच. १९३० च्या सुमारास मेलबर्नमध्येच हेन्सेलाइटने प्लास्टिकचा एकसंध गोळा बनवला. तो फिनॉलिक रेझिनचा. हे रेझिन मुळातच तपकिरी-काळपट असतं, आपल्या जुन्या बेकेलाइटच्या स्विचांसारखं. म्हणजे काळा आणि तपकिरी हे रंग कुणी आवडीने निवडले नव्हते, मालाचाच रंग तो होता. लाल, निळे, गुलाबी, पोपटी, दोन रंगांचे ठिपके एकत्र मुरलेले असे गोळे सर्रास दिसायला लागले ते या शतकात, रेझिन बदललं आणि नियमही सैल झाले तेव्हा.

यातली लक्षात ठेवायची गोष्ट एकच. चांगल्या गोळ्याचा रंग वरून लावलेला नसतो. कलिंगडासारखं वर हिरवं आणि आत लाल असा हा प्रकार नाही. गाजर कापलं तर आतही गाजराच्याच रंगाचं निघतं, तसा तो आरपार एक असतो.

पायरी पहिली : नेमकं काय बदलायचंय ते ठरवा

'रंग बदलायचा' म्हणताना लोकांच्या मनात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक, गोळ्यावर कोरलेल्या चिन्हातला आणि वर्तुळातला रंग उडालाय, तो नव्याने भरायचा. दोन, सामन्यापुरता आपल्या टीमचा रंग दिसावा म्हणून गोल स्टिकर लावायचे. तीन, गोळ्याचाच रंग नको झालाय.

पहिल्या दोन गोष्टी घरी बसून होतात आणि खर्च अगदी थोडा. तिसरीसाठी घरचा उपाय नाही, दुसरा सेट घ्यावा लागतो. तरीही लोक तिसरी गोष्ट पहिल्यासारखी करायला जातात, म्हणजे ब्रश किंवा स्प्रेचा डबा घेऊन अख्खा गोळा रंगवतात. हे कृपा करून करू नका. गोळा वळतो तो त्याच्या आकारामुळे, एका बाजूच्या अगदी किंचित वेगळ्या गोलाईमुळे. ती गोलाई तपासायला परवानाधारक तपासनीस खास टेबलावर गोळा प्रमाण गोळ्याशी ताडून बघतात. त्या गोलाईवर तुम्ही हाताने रंगाचा थर दिलात, कुठे जाड कुठे पातळ, की तो गोळा आधी होता तो राहिला नाही. समोरच्या टीमने हरकत घेतली तर तुमच्याकडे उत्तर नसतं.

मी स्वतः यात फसले आहे. मरून सेटला कंटाळून ऑनलाइन जाहिरातीवरून एका गृहस्थांकडून निळे गोळे घेतले. फोटोत चकचकीत. तिसऱ्या आठवड्यात गोळ्याचा जो पट्टा गवतावर धावतो तिथला निळा उडून खालून काळा दिसायला लागला. घरी आणून खोदकामातला रंग काडीने काढला तेव्हा चार गोळ्यांपैकी एकाचा क्रमांक वेगळा निघाला. विकणाऱ्याने फोन उचलला नाही. पैसे गेले त्याहून जास्त वाईट वाटलं ते या गोष्टीचं की त्या गोळ्यांवर मी तीन आठवडे सराव करून हाताला चुकीची सवय लावली होती.

म्हणून जुना रंगीत सेट घेताना एवढं बघाच : एखादा टवका उडालेला असेल तर टवक्याच्या आतला रंग बाहेरच्यासारखाच आहे का. चारही गोळ्यांवरचा क्रमांक एक आहे का. खोदकामाच्या रेघा कापल्यासारख्या तीक्ष्ण आहेत की रंगाने बुजल्यासारख्या.

पायरी दुसरी : नियमात काय बसतं

खेळाच्या नियमांत सेटची व्याख्या स्पष्ट आहे : चार गोळे, एकाच कंपनीचे, आकार, वजन, रंग आणि बायस (गोळ्याचं वळण) सारखा, आणि क्रमांक व खोदकाम असेल तर तेही सारखंच. म्हणजे दोन निळे आणि दोन काळे असा सेट चालत नाही, ते चारही एकाच साच्यातून निघालेले असले तरी. एक हरवला म्हणून त्याच मॉडेलचा दुसऱ्या रंगाचा आणून जोडता येत नाही. आणि सामना सुरू झाल्यावर मध्येच सेट बदलायचा नसतो, गोळा फुटला-तडकला तर गोष्ट वेगळी. अंधार पडला म्हणून गाडीतून फिके गोळे आणते, असं म्हणता येणार नाही. जे काय ठरवायचं ते आधी.

गोळ्यावर वर्ल्ड बोल्स या खेळाच्या जागतिक संस्थेचा शिक्का आणि त्यात वर्ष कोरलेलं असतं. रंगवताना हा शिक्का आणि क्रमांक वाचता आले पाहिजेत. त्यांत रंग भरला तरी हरकत नाही, उलट ते ठळक दिसतात. पण बुजवून टाकू नका.

कुठल्या स्पर्धेत कुठले स्टिकर हवेत, लागतात की नाही, हे आयोजक ठरवतात. क्लबच्या फलकावर स्पर्धेच्या अटी लावलेल्या असतात. नव्या माणसाने त्या एकदा वाचाव्यात, नाहीतर टीम निवडणाऱ्या सिलेक्टरना सरळ विचारावं. इथे विचारण्यात कुणी कमीपणा मानत नाही, ऐंशीच्या घरातल्या आजी चार वेळा समजावून सांगतात.

पायरी तिसरी : रंग निवडा, पण लांबून

दुकानाच्या काउंटरवर रंग निवडणं म्हणजे साडीच्या दुकानात ट्यूबलाइटखाली रंग पसंत करण्यासारखं आहे. बाहेर उजेडात नेऊन बघितल्याशिवाय कळत नाही. मॅटच्या पुढच्या कडेपासून जॅक किमान २३ मीटरवर असतो, बऱ्याचदा तिशीच्या जवळ जातो. तेवढ्या अंतरावर तुमचा गोळा हा जेमतेम एक ठिपका असतो. पुरुषांच्या किंवा महिलांच्या फोर्सच्या (चार-चार जणांच्या टीमच्या) सामन्यात शेवटी जॅकभोवती सोळा गोळे जमतात, ट्रिपल्समध्ये दोन्ही बाजूंच्या तिघींचे तीन-तीन धरून अठरा. त्या गर्दीत आपला कुठला, हे क्षणात कळायला हवं. लहानपणी गोट्या खेळताना रिंगणातली आपली गोटी आपण रंगावरूनच ओळखायचो. इथेही तेच आहे, फक्त अंतर मोठं आणि वेळ थोडा.

क्लबातल्या कुणाचे तरी त्या रंगाचे गोळे पाच मिनिटं मागून घ्या. एक जॅकजवळ ठेवा, एक सावलीत, एक जॅकच्या मागे हातभर अंतरावर. मॅटवर येऊन वाका, जसं गोळा टाकताना वाकता तसं, आणि बघा. उन्हाचा चष्मा लावून खेळत असाल तर तो लावूनही बघा, कारण काचेच्या रंगाने सगळं बदलतं. मग मोबाइलवर फोटो काढून तो काळा-पांढरा करा. काळ्या-पांढऱ्या फोटोत गोळा गवतापासून वेगळा उठून दिसत नसेल, तर तो संध्याकाळी दिसणार नाही. माझा मरून सेट या परीक्षेत साफ नापास झाला. गवत आणि गोळा, दोन्ही एकाच करड्या छटेचे.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल क्लबात फार कमी बोललं जातं. लाल-हिरवा फरक नीट न दिसण्याचा दोष पुरुषांत बराच आढळतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारामागे एकाला तो असतो. हिरव्या गवतावर लाल किंवा तपकिरी गोळा त्यांना आपल्याइतका वेगळा दिसत नाही. टीममध्ये असा कुणी असेल, विशेषतः स्किप, तर सगळ्यांनी मिळून निळा, पिवळा असे रंग निवडावेत. आमच्या एका ट्रिपल्स टीममधल्या काकांनी वर्षानुवर्षं हे कुणाला सांगितलंच नव्हतं. मी स्टिकर लावताना लाल काढले, तेव्हा ते हळूच म्हणाले, "निळे असतील तर बघ ना." मला ते ऐकून फार भरून आलं. आता आम्ही निळेच लावतो.

फिक्या रंगाचे फायदे उघड आहेत : लांबून दिसतात आणि जानेवारीच्या उन्हात काळ्यांइतके तापत नाहीत. ३८-४० अंशांच्या दिवशी काळा गोळा बाकावर उन्हात राहिला तर हातात घेववत नाही. तोटे दोन. पकडीसाठी लावतात त्या ग्रिपच्या पेस्टचे आणि मातीचे डाग लगेच दिसतात, म्हणजे पुसायचं काम वाढतं. आणि गोळा आपल्या वाटेने जाऊन जॅकला लागला की त्यावर खडूची खूण करतात, ती फिक्या गोळ्यावर दिसत नाही. खूण महत्त्वाची आहे, कारण असा गोळा कडेच्या चरात गेला तरी तो खेळात धरतात. म्हणून पांढरे-पिवळे गोळे असतील तर पिशवीत गडद रंगाचा खडू ठेवा.

पांढरे गोळे घेऊ का, असंही विचारतात. माझं मत : नको. जॅक पांढरा असला की त्याच्या मागे-पुढे पांढरा गोळा आला की लांबून दोन्ही एकमेकांत मिसळतात.

पायरी चौथी : खोदकामात रंग भरणं

या कामाला मी हिवाळ्यात बसते, हंगाम संपल्यावर, जून-जुलैच्या एखाद्या पावसाळी रविवारी. चार गोळे, प्रत्येकाच्या दोन बाजू, म्हणजे आठ तोंडं. घाई केली तर तासाभरात होतं, नीट केलं तर तीन-चार दिवस लागतात. नीट करा.

आधी बसायची सोय. गोळा टेबलावर स्थिर राहत नाही. जुना टॉवेल पिळून गोल वळवायचा आणि चुंबळ करायची, आजी घागरीखाली घ्यायची तशी. त्यावर गोळा ठेवला की हलत नाही आणि ओरखडाही येत नाही.

मग धुणं. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ झालेला जुना टूथब्रश. घासणी, पितांबरी, भांडी घासायची कुठलीही पूड गोळ्याला लावू नका, धावत्या पट्ट्यावर बारीक चरे पडतात. पकड येण्यासाठी वर्तुळाभोवती जे खळगे असतात त्यांत वर्षभराची पेस्ट आणि धूळ मिळून काळा खळ साचलेला असतो. तो दात कोरायच्या लाकडी काडीने काढा. सुई, टाचणी, चाकूचं टोक नको; खोदकामाची कड एकदा कातरली गेली की रंग तिथे कधीच सरळ बसत नाही.

जुना रंगही त्याच काडीने. सगळा निघालाच पाहिजे असं नाही. जो सुटलाय, पोपडे धरलाय तेवढा काढायचा. जो घट्ट बसलाय तो नव्या रंगाचा पाया होतो. थिनर किंवा अॅसिटोन मी गोळ्याजवळ आणत नाही.

यानंतर रात्रभर सुकू द्या. खाचेत पाणी राहतं आणि वरून कळत नाही. मी पहिल्या वेळी तासाभरातच रंगवायला घेतलं, दोन आठवड्यांत अर्धा रंग सुटून गवतावर पडला.

रंग कुठला? नवशिक्यांनी पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक घ्यावा. चूक झाली तर ओला असताना फडक्याने निघतो. इनॅमल जास्त टिकतो, पण हात बसल्यावर. काही जण नेलपॉलिश वापरतात. ते वाळतं पटकन, पण इकडेतिकडे लागलेलं पुसायला अॅसिटोन लागतं, म्हणून माझी त्याला पसंती नाही. मेणाचा खडू खाचेवर घासून वरचं पुसून टाकणं हा सर्वांत झटपट उपाय आहे. एखाद्या रविवारच्या सामन्यापुरता ठीक, उन्हात फार टिकत नाही.

अगदी बारीक टोकाचा ब्रश घ्या. त्यावर रंगाचा एक थेंब. रांगोळीच्या रेघांच्या आत रंग भरतो तसं, मधून सुरू करून कडेपर्यंत यायचं. खाच भरून किंचित वर आली तरी चालेल, वाळताना अॅक्रिलिक आक्रसतो आणि खाली बसतो.

आता सगळ्यात कसबाचा भाग, पुसणं. बोटाभोवती मऊ फडकं गुंडाळून पुसलंत तर फडकं खाचेत शिरतं आणि भरलेला रंग उचलून घेतं. जुनं बँकेचं कार्ड घ्या, त्यावर सुती फडकं ताणून गुंडाळा, जेमतेम ओलं करा, आणि रेघेच्या दिशेने न जाता तिला आडवं पुसा. एका ओढीत. मग फडक्याची जागा बदला आणि पुढची ओढ. वरचा रंग निघतो, खाचेतला राहतो. पहिल्यांदा हे जमलं आणि मरून गोळ्यावर फिकट पिवळ्या रेघेतलं माझं कमळाचं चिन्ह स्वच्छ उमटलेलं दिसलं, तेव्हा मी नवऱ्याला हाक मारून दाखवलं होतं.

एक दिवस थांबून दुसरा हात. मग पुन्हा एक दिवस काही करायचं नाही. चारही गोळ्यांना रंग तोच, छटाही तीच; म्हणून एका बाटलीतल्या रंगात आठही तोंडं पूर्ण होतील एवढा रंग आहे ना, हे आधी बघा.

खोदकाम ठळक करण्याचा नव्या खेळाडूला एक मोठा फायदा मिळतो. गोळ्याच्या एका बाजूचं वर्तुळ लहान असतं, दुसऱ्या बाजूचं मोठं. गोळा वळतो तो लहान वर्तुळाच्या बाजूला. रंग उडालेला असला की मॅटवर उभं राहून ते नीट दिसत नाही, गोळा उलटा धरला जातो आणि शेजारच्या रिंककडे वळत निघून जातो. नव्याने रंगवलेलं लहान वर्तुळ डोळ्यात भरतं. माझ्या पाहण्यात नव्या मंडळींच्या अशा चुका यामुळे खरंच कमी झाल्या.

खोदकामच झिजून गेलं असेल तर घरी काही करू नका. गोळ्यांची तपासणी करून नवा शिक्का देणारे असतात, त्यांतले काही नव्याने कोरून रंग भरूनही देतात. चिन्ह बदलायचं असेल तर तेव्हाच बदलून घ्यावं.

पायरी पाचवी : स्टिकर

टीमच्या चौघींचे गोळे चार रंगांचे असतात. एकीचे काळे, एकीचे जांभळे, एकीचे ठिपक्यांचे. अशा वेळी सगळ्यांच्या गोळ्यांवर एकाच रंगाचे गोल स्टिकर लावले की जॅकभोवती दोनच बाजू दिसतात, कॅरममधल्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांसारख्या. मोठ्या स्पर्धांत हे दिसतंच, क्लबातही चालतं.

स्टिकरचा आकार आतल्या वर्तुळात मावेल असा घ्या. कडेवर चढला तर सुटतो. गोळा पुसून कोरडा करा, पेस्टचा चिकटपणा राहू देऊ नका. स्टिकर मधोमध टेकवा आणि अंगठ्याने मधून बाहेर दाबत जा, पोळीतली हवा बाहेर काढतो तसं. दोन्ही बाजूंना. मग गोळा दोन-तीनदा तळहातावर फिरवून कड कुठे उचलली जातेय का बघा.

पिशवीत दोन रंगांच्या स्टिकरचे कागद ठेवा, एक फिका एक गडद. समोरच्यांनीही निळेच आणले असतील तर कुणीतरी बदलावं लागतं, आणि ते सामन्याच्या आधी हसतखेळत ठरतं. सुरू झाल्यावर ठरवायला गेलं की तोंडं वाकडी होतात.

सामना संपला की त्याच संध्याकाळी स्टिकर काढा. आठवडाभर राहिला की डिंक गोळ्यावर धरतो. इथे प्रत्येक सुपरमार्केटात निलगिरीचं तेल मिळतं, कापसावर दोन थेंब घेऊन चोळलं की डिंक निघतो. त्यानंतर साबणाच्या पाण्याने धुवायला विसरू नका. तेलकट गोळा हातातून सटकतो. जास्तीत जास्त १.५९ किलोचा तो गोळा पायाच्या बोटांवर पडला तर काय होतं ते आमच्या क्लबात एकाने अनुभवलंय.

नवा सेट घ्यायचाच असेल तर

हंगामभर खेळून, रंग भरून, स्टिकर लावूनही मन भरत नसेल तर नवा सेट घ्या. पण रंगासाठी गोळा बदलू नका. गोळा ठरवा आणि मग त्यात रंग शोधा. आकार आधी : दोन्ही हातांचे अंगठे एकमेकांना आणि मधली बोटं एकमेकांना टेकवून गोळ्याच्या धावत्या पट्ट्याभोवती वेढा द्या. बोटं सहज भेटली तर आकार तुमचा. मग एका हातात धरून हात उलटा करा, तळवा खाली. गोळा निसटतोय असं वाटलं तर एक आकार खाली या. त्यानंतर मॉडेल, कारण प्रत्येक मॉडेलचं वळण वेगळं. एखादा हलकेच आत येतो, एखादा मोठा वळसा घेतो. आता जे खेळताय त्याच मॉडेलचा, त्याच आकाराचा दुसरा रंग मिळाला तर हाताला काहीच नव्याने शिकावं लागत नाही. तो रंग नसेल तर माझा सल्ला, थांबा.

गुलाबी रंगाच्या मोहात माझ्या मैत्रिणीने एक आकार मोठा सेट घेतला होता. हंगामाच्या मध्यावर तिचं मनगट दुखायला लागलं आणि तो सेट कपाटात गेला. रंग अजूनही सुंदर आहे त्याचा.

नवा सेट आला की तो सरावाच्या दिवशी आधी खेळा, पेनंटच्या दिवशी पहिल्यांदा बाहेर काढू नका. आणि जुना सेट विकायचा नसेल तर क्लबला द्या. शुक्रवारी संध्याकाळी अनवाणी खेळायला येणाऱ्या मंडळींसाठी आणि तुमच्यासारख्याच पहिल्यांदा आलेल्यांसाठी क्लब असे गोळे ठेवतो. फक्त चारही गोळे एका पिशवीत एकत्र ठेवा आणि आकाराचा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पिशवीला बांधा.